जिती नळी

अठरा नोव्हेंबर, शनिवार, दुपारी साडेतीन. रक्कम अडीच लाख रुपये, धनादेशाने. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात प्राचार्यांच्या खोलीत हजर चौघे: स्वतः प्राचार्य, अकोल्याचे औषध कारखानदार प्रकाशभाऊ काळमेघ, प्राणिशास्त्राच्या डॉ. शकुंतला गावंडे आणि लेखापाल म्हणून मी. चहा झाला, फोटो निघाला. फोटोत तिघे हसत आहेत. गावंडे मॅडम धनादेशाकडे पाहत आहेत, आणि ते पाहणं दुकानदार फाटकी नोट पाहतो तसं आहे.

पाहुणे गाडीत बसल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात थांबवलं.

"वानखडे भाऊ, हा मानूस काहून पैसे देऊन राहिला?"

"तुमच्या प्रयोगशाळेसाठी. नवीन सूक्ष्मदर्शक, नवीन उपकरण. अर्जात लिहिलंय."

"कशासाठी ते मले मालूम आहे. काहून म्हणून इचारलं."

मलाही तीच शंका होती. एकाच गोष्टीवर आम्हा दोघांना एकाच वेळी शंका येण्याचा तो पहिला प्रसंग. त्याआधीची काही वर्षं मी त्यांच्यावर शंका घेत होतो आणि त्या माझ्यासकट सगळ्या जगावर.

माझी शंका व्हाउचरवरून सुरू झाली. "बकऱ्याचं आतडं, नग एक, चाळीस रुपये." असं व्हाउचर आठवड्यातून दोन-तीनदा येई. खाली सही "युसूफ", तीही दर वेळी वेगळ्या वळणाची. विज्ञान महाविद्यालयाला इतकी आतडी कशाला लागतात, हे मला कळेना. मी राजापेठेत राहतो, मटण मार्केट घरापासून लांब नाही. एका सकाळी भाजीची पिशवी घेऊन तिथे जाऊन उभा राहिलो.

मॅडम स्कूटीवरून आल्या. पायाशी बर्फाचा थर्मास. उतरल्या उतरल्या त्यांनी युसूफभाईंना विचारलं, "यानं सकाळी काय खाल्लं होतं?"

युसूफभाई सुरा पुसत म्हणाले, "मॅडम, आपको बकरा चाहिये या बकरे का बायोडाटा?" मग माझ्याकडे वळून, "दुनिया पूछती है, माल ताजा है क्या. ये पूछती हैं, नाश्ता किया था क्या."

"चारा खाल्ला होता, का रातपासून उपाशी?"

"खाया है. पेट भर के खाया है."

मग त्यांनी आतड्याला धरून असलेला चरबीचा पातळ पडदा उजेडात धरला आणि मला हाक मारली. मी पिशवी आडवी धरून उभा होतो, तरी त्यांनी मला आल्या आल्याच पाहिलेलं होतं.

"या भाऊ, लपू नोका. पाहा. ही लाल, रक्ताची. ही तिच्या बाजूची पांढरी, दुधासारखी, दिसते काय? ही आपली."

पोट भरलेल्या जनावराच्या या पांढऱ्या नळ्यांतून स्निग्ध, दुधट पाणी वाहत असतं. उपाशी जनावरात तेच पाणी काचेसारखं असतं आणि नळी दिसतच नाही. या नळीला लसिकावाहिनी म्हणतात. अंगात ठिकठिकाणी झिरपलेलं पाणी गोळा करून ती परत रक्तात नेऊन सोडते. मॅडमच्या भाषेत सांगायचं तर, "रक्ताले ढकलायले हृदय आहे. या पाण्याले कोनी नाई. नळी सोताच आवळते, सोताच सोडते, आन् पानी पुढं लोटते. तिनं काम सोडलं की हत्तीपाय."

व्हाउचर मी मंजूर केलं आणि शेऱ्याच्या रकान्यात "प्रत्यक्ष पाहिले" असं लिहिलं. मॅडमनी ते वाचलं. मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "शाबास. पन एकदा पाहून सोडू नोका. अधूनमधून येत जा. मी सुधरली असं धरून चालू नोका." सही वेगळी का येते, तेही त्यांनीच सांगितलं. कधी युसूफभाई करत, कधी त्यांचा भाऊ, कधी गल्ल्यावर असेल तो.

बाई उंच, आवाज खडा. मूळ बाळापूरकडच्या. घरची काळी जमीन भावाकडे, लग्न केलेलं नाही. पुण्याला सहा वर्षं शिकून आल्या, पण बोली जशीच्या तशी परत आणली. डाव्या हाताला खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीच्या रंगाची घट्ट बाही असे. त्याबद्दल कुणी कुजबुजायच्या आतच त्या सांगून मोकळ्या होत. "छातीचं ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठी काढल्या, त्याच्यात या नळ्या गेल्या. आता पान्याले रस्ता नाई. सकाळी हात माह्या असते, संध्याकाळी पाहुण्यासारखा फुगून बसते."

नागपूरच्या डॉक्टरांनी पट्टी, मालिश, काळजी एवढंच सांगितलं होतं. औषध असं नव्हतं. आणि त्यांचं काम दोन्ही हातांचं. डाव्या हाताची बोटं वर्षागणिक जाड होत होती. "चिमटा धरता येते तोवर मी मास्तरीण," त्या म्हणत, "मंग पेन्शनर."

ते काम मी पुष्कळदा पाहिलं, कारण अधूनमधून येत जा हे त्यांचं म्हणणं मी मनावर घेतलं होतं. पडदा बर्फासारख्या गार, मिठाच्या पाण्यात पसरायचा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातून शेवईच्या तुकड्याएवढी नळी चरबीपासून सोडवायची. ओढायची नाही, मधोमध धरायची नाही, धरायची ती टोकालाच. समोरासमोर दोन काचेच्या नळ्या, ज्योतीवर तापवून ओढून टोकं सुईहून बारीक केलेल्या. जिवंत नळीचं एक टोक एका काचेवर चढवायचं, दुसरं दुसऱ्यावर, आणि रेशमी धाग्याची एक-एक तार सुटी करून दोन चिमट्यांनी गाठ मारायची. ही गाठ मारताना मॅडम श्वास रोखत, आणि पाहणाराही रोखे. मग नळीच्या बशीतलं पाणी शरीराइतकं कोमट करायचं, त्यातून प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे, आणि उंच टांगलेल्या बाटलीतून नळीत हलका दाब द्यायचा. बाटली चार बोटं वर केली की दाब वाढतो, खाली घेतली की उतरतो. एवढी साधी गोष्ट त्या महागड्या यंत्रात आहे, हे पाहून मला यंत्राच्या किमतीचीच शंका आली होती.

त्यानंतर वाट पाहायची. कधी अर्धा तास, कधी तास. मग बकऱ्यापासून सुटलेली, मेंदू नाही, हृदय नाही अशी ती नळी काचेच्या दोन टोकांमध्ये एकदम आवळते. थांबते. पुन्हा आवळते. संगणकाच्या पडद्यावर तिची जाडी कमीजास्त होताना रेघ उमटते.

मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी म्हणालो, "चालली."

"काय चाललं?"

"नळी."

"तुमाले कोनी सांगतलं? रेघ हालली. नळी चालली का, ते अजून पाहाचं आहे."

हा त्यांचा स्वभाव. आधी बाटलीची तोटी बंद करून पाहायचं की नळी फुगलेली राहते की पोचट होते. पोचट झाली तर कुठेतरी छिद्र आहे, ती फेकून द्यायची, अर्धा दिवस गेला तरी. आणि सगळं झाल्यावर, शेवटी, कॅल्शियम काढून घेतलेलं पाणी घालायचं. कॅल्शियम नसलं की आवळण्याची ताकदच जाते. जिवंत नळी ढिली पडते आणि रेघ सपाट होते. जी रेघ त्या पाण्यातही नाचत राहते ती नळीची नव्हेच.

एकदा मुंबईहून एक प्राध्यापक आले होते. रेघ पाहून फारच खूश. इतकी एकसारखी लय आपण परदेशातही पाहिली नाही, असं म्हणाले आणि मोबाइलवर चित्रण करू लागले. मॅडमनी कॅल्शियम काढलेलं पाणी सोडलं. रेघ तशीच, एकसारखी. मॅडम उठल्या आणि छताच्या पंख्याचं बटण बंद केलं. रेघ झोपली.

"बकरा मेला, नळी मेली," त्या म्हणाल्या, "आन् पंखा जिता आहे."

प्राध्यापकांनी चित्रण पुसलं. जेवणाच्या वेळी मी मॅडमना म्हणालो, पाहुण्यांना थोडं सांभाळून घ्यायचं होतं. त्या म्हणाल्या, "मी बी मनात खूश झाली होती न, दोन मिनिटं. म्हणूनच उठली. मले पाह्यजे तसं दिसलं की मी पयले डोये बारीक करतो."

तर अशा बाईंच्या टेबलावर काळमेघांचा धनादेश आला.

प्रकाशभाऊ वाईट माणूस नव्हते. आजोबा धारणीकडे जंगलखात्यात होते, तिकडून त्यांनी मुळ्यांचा एक काढा शिकून आणला होता. प्रकाशभाऊंच्या आईला हत्तीपाय, आणि आई रोज हा काढा घेऊन चालती-फिरती होती. त्यांना तो काढा बाटलीत भरून विकायचा होता आणि बाटलीवर "प्रयोगशाळेत सिद्ध" असं छापायचं होतं. नळीची लय काढ्याने वाढते, एवढं मॅडमनी लिहून दिलं की झालं. प्राचार्यांची गरज वेगळी. विद्यार्थी घटत होते, मॅडमची खोली वर्गासाठी हवी होती. अहवाल चांगला आला तर काळमेघ आणखी देतील आणि प्रयोगशाळा राहील, नाहीतर उन्हाळ्यात खोली खाली, हे त्यांनी माझ्यादेखत सांगितलं होतं. मॅडमचा हात तर सगळ्यांना दिसतच होता. तो काढा खरा निघाला तर सगळ्यांत जास्त कुणाला हवा होता, हे सांगायला लेखापाल नको.

चाचणी जानेवारीत झाली. मॅडमनी आपलं मिठाचं पाणी आधीच अकोल्याला पाठवलं होतं, त्यातच काढा करून कारखान्याचा माणूस पहाटेच्या गाडीने आला. अहवालाची निकड असल्याने प्राचार्यांनी मला खोलीत बसवलं होतं. माणसाने स्टीलच्या थर्मासातून काढा ओतला तेव्हा वाफ निघाली. मॅडमनी पिचकारीत घेतला आणि नळीच्या बशीत सोडला.

मिनिटाला सात वेळा आवळणारी नळी बारा वेळा आवळू लागली. धुऊन काढलं, पुन्हा सात. पुन्हा काढा, पुन्हा बारा. दुसरी नळी बांधली, तिचंही तेच. कॅल्शियम काढलेलं पाणी घातलं, रेघ झोपली. पंखा आधीपासूनच बंद होता.

कारखान्याच्या माणसाने फोन लावून अकोल्याला पेढे सांगितले. मॅडमनी वहीत आकडे उतरवले. सायंकाळी मी निघालो तर त्या पायरीवर बसलेल्या होत्या, बाही काढलेली. एरवी त्या कॉलेजात बाही काढत नसत. फुगलेला हात मांडीवर ठेवून त्या बोटं उघडझाप करून पाहत होत्या. बाजूला उरलेल्या काढ्याची बाटली.

"घरी नेऊन राहिली," त्या म्हणाल्या. "एक घोट घेऊन पाहावं म्हणते."

"घ्या की. तुमच्याच हातानं सिद्ध झालाय."

"हाव," त्या म्हणाल्या. त्यांना इतकं लवकर हो म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं.

सकाळी मी पोचलो तर नळी बांधून तयार होती आणि बाटली टेबलावर, बूच न उघडलेली.

"घेतला नाही?"

"घ्यायले बसली. कोमट करायले गॅसवरच्या गंजात ओतणार, तं हात थांबला." त्या माझ्याकडे न पाहता बोलत होत्या. "आमच्या घरी माय काढा थंडा देत नसे. थंडा काढा कोनी देते काय? तो मानूसबी गरमच घेऊन आला. मीबी तसाच घातला. कोनाले काही वावगं वाटलं नाई, कारण काढा गरमच असते."

जुन्या उपकरणात तापमापी बशीच्या पलीकडच्या टोकाला होती. त्यांनी केसासारखी बारीक तापमापी आणून नळीच्या अगदी जवळ बसवली. मग नुसतं मिठाचं पाणी, काढ्याशिवाय, कालच्याइतकं गरम करून पिचकारीने सोडलं. नळीजवळचा आकडा तीन अंश चढला. पलीकडच्या तापमापीला पत्ता नव्हता.

नळी बारावर गेली.

मग काढा बशीतल्या पाण्याइतकाच कोमट करून घातला. सात. थांबलो. सातच.

मी विचारलं, "काल तुम्ही आनंदात होता, आज लगेच उलटं. हे आज कशावरून खरं?"

"बराबर इचारलं," त्या म्हणाल्या. "माह्यावर भरोसा ठेवू नोका. काळमेघाले बोलवा."

खरं सांगतो, मला त्यांच्यावर शंका आली होती. या बाईला चांगलं झालेलं बघवत नाही, असं मनात आलं. काळमेघ आले ते याहून पुढची शंका घेऊन.

"मॅडम, दुसऱ्या कंपनीनं किती देल्ले?"

"कोन्या कंपनीनं?"

"ते तुमालेच मालूम. अडीच लाख देल्ले, पेढे वाटून झाले, आन् आता तुमी म्हणता पान्यानंबी होते."

"भाऊ, तुमी बसा इथं." त्यांनी आपली खुर्ची दिली. "हा काढा, हे पानी. दोन्ही तुमीच गरम करा, तुमीच कोमट करा. घालाचं तुमी. मी पाठ करून बसतो, मले फक्त रेघ दिसन. कवा काय घातलं ते तुमी वानखडे भाऊले सांगजा, मले नोका सांगू."

त्यांनी संगणकाचा पडदा भिंतीकडे वळवला आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या. काळमेघांनी कोट काढला. तापमापी हातात घेऊन ते कारखान्यात उभे राहावेत तसे उभे राहिले. मॅडम फक्त आकडे बोलत होत्या. "बारा." धुऊन काढलं. "सात." "बारा." "सात." "सात." काळमेघ प्रत्येक वेळी माझ्या कानाशी येऊन सांगत, काय घातलं ते. दुपार झाली. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, क्रम बदलून पाहिला. एकदा त्यांनी काहीच न घालता पिचकारीचा नुसता आवाज केला. मॅडम म्हणाल्या, "सात. काही घातलं काय?"

गरम होतं तेव्हा बारा, काढा असो की पाणी. कोमट होतं तेव्हा सात, काढा असो की पाणी. मी यादी काळमेघांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली आणि घडी करून परत दिली.

"माह्यी माय रोज घेते हा," ते म्हणाले.

मॅडम अजून भिंतीकडे तोंड करून होत्या. "घेऊ द्या. गरम असते, बरं वाटत असन. पाय धुऊन कोरडे ठेवजा म्हणा, जखम होऊ देऊ नोका. रात्री उशीवर ठेवजा."

"तुमी काय करता? हाताले?"

"तेच करतो."

काळमेघ निघताना म्हणाले की दिलेले पैसे दिले, परत नकोत. प्राचार्यांनाही तेच हवं होतं. मॅडम म्हणाल्या, "पैसे त्याईनं 'सिद्ध' या शब्दासाठी देल्ले होते. तो शब्द माह्यापाशी नाई." नवीन उपकरणाची मागणी अजून गेलेली नव्हती. त्यामुळे पैसे तसेच पडून होते, ते परत करण्याची टिप्पणी मी लिहिली. प्राचार्यांनी सही करायला दोन आठवडे लावले.

एप्रिलमध्ये खोली खाली झाली. त्याआधीच मॅडमच्या डाव्या हाताची पकड गेली होती. मार्चअखेर एक गाठ मारताना चिमटा तीनदा सुटला. चौथ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. नळी बशीत तशीच सोडून त्यांनी दिवा बंद केला.

शेवटचं त्यांना पाहिलं ते मटण मार्केटात, खोलीची किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली त्याच्या दुसऱ्या सकाळी. मी अधूनमधून जायचो तसा गेलो होतो. मॅडमकडे थर्मास नव्हता. युसूफभाईंनी नेहमीप्रमाणे चरबीचा पडदा बाजूला काढून ठेवला होता.

"मॅडम, नाश्ता करके आया है," ते म्हणाले.

"आजपासून ठेवू नोका, युसूफभाई. काम बंद झालं."

"तो ये ले जाओ. पैसे मत दो."

मॅडमनी पडदा उजव्या हाताने उचलला आणि उजेडात धरला. पांढऱ्या नळ्या स्पष्ट दिसत होत्या. बराच वेळ त्या एकाच जागी पाहत राहिल्या. मला वाटलं, आठवणीत रमल्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, इकडं या. ही हालून राहिली, का माह्या हात कापून राहिला?"

मी पाहिलं. मला सांगता आलं नाही. त्यांनी पडदा परत पाटावर ठेवला, हात काढून घेतला आणि वाकून पाहिलं.

"हात," त्या म्हणाल्या, आणि पर्स उघडली.

दिलेल्या रकमा अशा: प्रकाशभाऊ काळमेघ, अकोला, यांना अडीच लाख रुपये, धनादेशाने, पूर्ण परत. युसूफभाई यांना चाळीस रुपये, रोख, मॅडमच्या स्वतःच्या पर्समधून. त्याचं व्हाउचर नाही. प्रत्यक्ष पाहिले.